२८० रुपयांची पुल-बॅक अ‍ॅम्बेसेडर, आणि तिचा पहिला नंबर

प्लास्टिकची पांढरी अ‍ॅम्बेसेडर. मागे ओढून सोडली की फरशीवर पळते. सीताबर्डीला मेन रोडवरून आतल्या गल्लीत वळलं की खेळण्यांची दुकानं लागतात, त्यातल्या एका दुकानात २८० रुपयांना घेतली. डब्यावर तीन वर्षांवरील मुलांसाठी असं छापलंय. माझं वय ४७. या जानेवारीत नागपुरातच एका शाळेच्या सभागृहात स्केल मॉडेलची, म्हणजे प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृतींची, स्पर्धा झाली. नागरी वाहनांच्या गटात २३ गाड्या होत्या आणि पहिला नंबर या खेळण्याला मिळाला. तेव्हापासून गाडी नेमकी कोणती, घ्यावी का आणि तिच्यात काय काय केलं, हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सगळं लिहून टाकते.

मी दातांच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. क्राउन, ब्रिज, कवळ्या. २४ वर्षं हेच काम. त्यामुळे माझ्याकडे मायक्रोमोटर (हातात धरून फिरवायचं छोटं यंत्र) आहे, त्याला लावायचे बर म्हणजे घासायची टोकं आहेत, बारीक मापं घ्यायला व्हर्नियर आहे, भट्टीशिवाय घट्ट होणारं कोल्ड क्युअर अ‍ॅक्रिलिक आहे. मॉडेल करणाऱ्या बाकीच्यांकडे यातलं बरंचसं नसतं. म्हणून जिथे माझी सोय तुमच्याकडे नसेल तिथे दुसरा मार्गही सांगते.

पहिली गोष्ट आकाराची, कारण गाडी घ्यायची की नाही हे तिथेच ठरतं. अ‍ॅम्बेसेडर करायला फार अवघड गाडी आहे. तिला सरळ रेषच नाही. छत घुमटासारखं, बॉनेट फुगीर, पुढच्या मडगार्डचा फुगवटा दारात जाऊन विरतो आणि मागच्या दाराशी दुसरा उंचवटा उठून डिकीपर्यंत उतरत जातो. मूळ गाडी म्हणजे ब्रिटनमधली मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३. हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाड्याला ती अ‍ॅम्बेसेडर म्हणून काढायला सुरुवात केली आणि २०१४ च्या मे महिन्यात कारखाना थांबेपर्यंत ही ठेवण जवळजवळ तीच राहिली. दाढ घडवताना आम्हाला शिकवतात की उंचवटा नेमका कुठे सुरू होतो ते बोटाला कळलं पाहिजे, डोळ्याला नाही. या गाडीचंही तसंच आहे. आणि हे खेळणं ज्याने घडवलं त्याच्या बोटांना ते कळलेलं आहे. मी आजवर अ‍ॅम्बेसेडरच्या चार-पाच प्रतिकृती हातात घेतल्या, धातूच्या महाग गाड्यासुद्धा. एकीचं छत चपटं, एकीचं बॉनेट लांब, एकीची डिकी दुसऱ्याच गाडीची वाटायची. या २८० रुपयांच्या गाडीत तसं काही खटकत नाही.

घरी आणून व्हर्नियर लावला. लांबी १२० मिलिमीटर. खरी गाडी ४.३ मीटरच्या थोडी वर, म्हणजे प्रमाण साधारण १:३६. खऱ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४६४ मिलिमीटर, ३६ ने भागलं की ६८.४. खेळण्यात भरलं ६८. खेळणी बनवणाऱ्याने एवढं अंतर पाळायची काही गरज नव्हती. कोणत्या मुलाने ते मोजलं असतं? पण पाळलंय, आणि त्याबद्दल त्या अनोळखी माणसाविषयी मला फार आदर वाटतो. रंग, चाकं, काचा, दिवे, जाळी, सगळं बदलता येतं. आकार चुकला असेल तर तुम्ही महिनाभर घासत बसाल आणि गाडी तरी दुसरीच दिसेल.

आता उणिवा. त्या पुष्कळ आहेत.

दुकानातच एक काम करा. गाडी डोळ्यासमोर आडवी धरा आणि छतावरून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरकवत न्या. जिथे आतून स्क्रूचे खांब आहेत तिथे प्लास्टिक थंड होताना आत ओढलं जातं आणि वर खळगा पडतो. मी नऊ गाड्या पाहिल्या, तिघींच्याच छताला खळगा नव्हता. दुकानदार कंटाळला नाही, एवढंच म्हणाला, "ताई, खालचा स्क्रू खोलला की परत घेणार नाही हं." रास्त बोलला.

दारांच्या खाचा उथळ आहेत, रंगाचा एक हात बसला की बुजतात. मी लेक्रॉन कार्व्हरने, म्हणजे लॅबमधल्या मेण कोरायच्या हत्याराने, सगळ्या खोल केल्या, दोन संध्याकाळी गेल्या. तुमच्याकडे लेक्रॉन नसेल तर कटरच्या पात्याची उलटी बाजू चालते, पण हलक्या हाताने दहा वेळा ओढा, जोर लावून एकदा नको. पुढच्या दोन्ही मडगार्डवरून साच्याची शिवण गेली आहे, ती ४०० पासून २००० नंबरपर्यंतच्या वॉटर पेपरने पाणी लावून काढावी लागते. काचा जाड, आणि चारही बाजूंच्या मिळून एकाच तुकड्यात. त्यातून आतलं वाकडं दिसतं. मी त्या फेकून दिल्या आणि पारदर्शक शीटमधून नव्या कापल्या. चाकं रुंद आहेत, मी प्रत्येक चाक दीड मिलिमीटर घासून कमी केलं. त्यांच्यावरच्या हबकॅपना, म्हणजे चाकाच्या मधल्या टोप्यांना, आकारच नाही. म्हणून अ‍ॅक्रिलिकची एक हबकॅप मायक्रोमोटरवर फिरवून घडवली, दातांचे ठसे घ्यायच्या पुट्टीत तिचा ठसा घेतला आणि त्यातून चार काढल्या. आमच्या धंद्यात हे रोजचंच काम. घरी करायचं तर वाडगाभर धीर लागेल, पण इपॉक्सी पुट्टीतही जमतं.

पुल-बॅकची मोटर मागच्या सीटखाली डब्यासारखी बसवलेली आहे आणि मागच्या काचेतून दिसते. ती काढायचीच. काढली की गाडीच्या तळाला भलं मोठं भोक पडतं, ते अ‍ॅक्रिलिकने भरलं. इथे एक लक्षात ठेवा. हे प्लास्टिक मॉडेल किटच्या पॉलिस्टायरीनसारखं नाही, किटसाठी मिळणारं पातळ सिमेंट माझ्या हाती तरी याला नीट धरलं नाही. कोल्ड क्युअर मात्र पक्कं धरतं. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी इपॉक्सी वापरावं. सुपरग्लू काचांजवळ अजिबात नको, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते आणि मग ती काच गेली. आणि खिडकी उघडी ठेवा. कोल्ड क्युअरचा लिक्विड असो की थिनर, बंद खोलीत बसून वापरायची वस्तू नाही ती.

एक उणीव मला फार उशिरा कळली. या बॉडीचं पांढरं प्लास्टिक अर्धपारदर्शक आहे. गाडी खिडकीत ठेवली तर मडगार्डमधून ऊन आत येतं आणि लोखंडाची गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. मी प्रायमर मारून मोकळी झाले होते तेव्हा हे दिसलं. पुन्हा सगळं खोललं, बॉडी आतून काळी केली, मग वरून राखाडी प्रायमर, मग पांढरा. तुम्ही पहिल्याच दिवशी आतून काळी करा, आठवडा वाचेल.

पांढऱ्या रंगाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नागपुरात बसून पांढरा मारणं हे वेगळंच काम आहे. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, एअरब्रशमधून निघालेला थेंब गाडीवर पोहोचेपर्यंतच सुकतो आणि अंग खरखरीत होतं. म्हणून लोक कूलर लावून त्याच खोलीत रंग मारतात. तसं केलं तर काम पूर्णच बिघडतं. कूलर म्हणजे खोलीभर ओल. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. लाल किंवा काळ्या रंगावर हा पांढुरका धूसर पट्टा लगेच दिसतो. पांढऱ्यावर दिसत नाही, नुसती चमक मरते, आणि आपण आठवडाभर पॉलिश घासत बसतो की हिला झालंय काय. पावसाळ्यातही तेच. माझ्या अनुभवात नागपुरात रंगाचे खरे दिवस म्हणजे दिवाळी झाल्यापासून संक्रांतीपर्यंत, सकाळी दहा ते दुपारी तीन. हवा कोरडी, ऊन कोवळं. मी डिसेंबरच्या एका रविवारी गच्चीवरच्या खोलीत फरशी ओल्या फडक्याने पुसून, अर्धा तास धूळ बसू देऊन, मग रंग घेतला. पाच पातळ हात. डब्यातला पांढरा जसाच्या तसा मारू नका. एवढ्याशा गाडीवर तो डोळ्यात खुपतो आणि परत खेळणंच दिसतं. मी त्यात पिवळसर क्रीम अगदी थेंबभर घातला. शुद्ध पांढऱ्याशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही, पण सरकारी गाडीचा, दहा वर्षं रोज धुतलेला पांढरा आला.

बंपर आणि जाळीवरचा कारखान्यातला क्रोम आरशासारखा लखलखतो, खऱ्या गाडीचा तसा नसतो. घरच्या ब्लीचमध्ये ठेवला की तो सुटतो. त्यावर मी लॅबमधली जुनी टिनफॉइल बसवली, कारण स्वयंपाकघरातली फॉइल कडक असते, कोपऱ्यात चिरते. हेडलाइटवर पारदर्शक लाइट-क्युअर रेझिनचा एकेक थेंब आणि वर निळा दिवा वीस सेकंद. झाली काच.

इतकं करून डिसेंबरच्या अखेरीला गाडी उभी राहिली. मी ती बाबांपुढे ठेवली.

बाबा १९८४ ते २०११ सरकारी गाडीवर ड्रायव्हर होते, बहुतेक काळ एकाच अ‍ॅम्बेसेडर मार्क ४ वर. विधिमंडळाचं वर्षातलं एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं हे १९५३ च्या नागपूर करारात ठरलं, त्यामुळे डिसेंबर आला की आमच्या लहानपणी सिव्हिल लाइन्स पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरींनी भरून जायची. बाहेरच्या जिल्ह्यांतून गाड्या यायच्या, आणि बाबांची सकाळ सहाला रविभवन या सरकारी विश्रामगृहात थंड पाण्याने गाडी पुसण्यात सुरू व्हायची. मी शाळेतून डबा घेऊन जायचे तेव्हा गाड्यांची ती रांग बघायचे. सगळ्या एका रंगाच्या, तरी बाबांची कोणती ते मला लांबूनच कळायचं. कसं कळायचं ते त्या वयात सांगता आलं नसतं.

बाबांनी चष्मा लावला, गाडी तळहातावर घेतली, बराच वेळ फिरवून पाहिली. मग म्हणाले, "चांगली केली तू. पण अशी नाही उभी राहत आपली गाडी."

"म्हणजे?"

"हे तोंड खाली करून राहिली. आपली मांगून बसे. साहेब मांगं, फायली मांगं, डिकीत सामान. पाटे दबून जाते ना बाई."

तेव्हा उलगडलं की रविभवनाच्या रांगेत मला बाबांची गाडी कशी ओळखू यायची. मागून बसलेली होती ती. अ‍ॅम्बेसेडरला मागे पाट्यांची, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी पट्ट्यांची, कमान असते, वर्षानुवर्षं ओझं वाहून ती सपाट होत जाते. खेळण्यात उलट आहे. मोटर बसावी म्हणून मागची बाजू उचललेली, त्यामुळे गाडी नाकावर झुकलेली. मी मागच्या आसाची भोकं बुजवली आणि ०.८ मिलिमीटर वर नवी पाडली. खऱ्या गाडीच्या मापाने जेमतेम ३ सेंटिमीटर. चारही चाकं काचेच्या तुकड्यावर टेकतात का ते कागदाची पट्टी सरकवून पाहिलं. बाबांनी पुन्हा हातात घेतली आणि यावेळी काही बोलले नाहीत. मागच्या सीटवर पांढऱ्या टॉवेलचा एक तुकडा हवा, एवढंच म्हणाले. तो टिश्यू पेपरचा केला.

स्पर्धेच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. आम्ही दोघं वाटेत तर्री पोहे खाऊन पोहोचलो. टेबल पाहिलं आणि माझा जीव दडपला. १:२४ च्या जपानी किटच्या गाड्या, काही हजारांच्या, स्कायलाइन, फेरारी, पोर्शे. इंजिनाच्या वायरी वेगळ्या, सीटबेल्टला धातूची बक्कलं. माझी त्यांच्यामध्ये तळहाताएवढी. बक्षिसाचा विचार मी तिथेच सोडून दिला, बाबांना इतर गाड्या दाखवत फिरले.

परीक्षक दोघं होते. त्यातल्या एकाच्या हातात पेन्सिलएवढा टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरचा तोंडात घालायचा आरसा. तो आरसा पाहून मी एकदम सावध झाले, कारण त्या आरशाने काय दिसतं ते मला रोजच्या कामामुळे माहीत आहे. ते गाड्यांना हात लावत नव्हते. आरसा खाली सरकवून पोट पाहत होते, टॉर्च आडवा धरून छतावरून प्रकाश सरकवत होते, चाकांखाली कागद सरकवत होते. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या आयपीएमएस या मॉडेलकारांच्या संस्थेच्या स्पर्धांमध्ये आधी मूळ बांधणी पाहतात, हे मी वाचलं होतं. जोड बुजवलेत का, गाडी चारही चाकांवर सरळ उभी आहे का, गोंद कुठे दिसतो का, रंगात धूळ आहे का. किट केवढ्याची, तुकडे किती, हे त्यानंतर. प्रत्यक्ष होताना पहिल्यांदाच पाहिलं. सुंदर स्कायलाइनचं पुढचं एक चाक केसभर अधांतरी होतं, कागद आरपार गेला. लाल फेरारीच्या काचेवर कोपऱ्यात सुपरग्लूची वाफ बसली होती. तिच्या मालकाने त्या इंजिनावर किती रात्री घालवल्या असतील ते दिसत होतं, मला मनापासून वाईट वाटलं.

माझ्या गाडीपाशी ते वाकले. आरसा खाली गेला. खाली मी भरलेलं भोक होतं, घासून, रंगवून, पाट्यांची कमान पट्ट्यांनी बसवून. टॉर्च छतावरून गेला. मग वयाने मोठे असलेले परीक्षक बाजूने, टेबलाच्या उंचीला डोळे आणून पाहत राहिले आणि मला विचारलं, "मॅडम, मागचे पाटे थकलेत ना हिचे?"

बाबा मागे उभे होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "हो जी. सत्तावीस वर्षं चालवली मी."

निकाल जाहीर झाला तेव्हा माझं नाव दुसऱ्यांदा पुकारावं लागलं. मला वाटलं दुसरी कुणी असेल त्याच नावाची. स्कायलाइनवाला मुलगा स्वतः येऊन विचारत होता, "ताई, किट कोणत्या कंपनीची?" खेळण्याच्या दुकानातली म्हटल्यावर त्याने गाडी पुन्हा एकदा वाकून पाहिली आणि दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

अशा स्पर्धांचा इतिहास मी नंतर वाचत बसले. अमेरिकेत १९३० ते १९६८ जनरल मोटर्सच्या फिशर बॉडीने मुलांसाठी मॉडेलची स्पर्धा चालवली. आधी नेपोलियनच्या शाही बग्गीची प्रतिकृती करायची असे, पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार, १:१२ प्रमाणात, लाकूड नाहीतर प्लास्टर घडवून. बक्षीस म्हणून कॉलेजची शिष्यवृत्ती. १९४७ साली चक जॉर्डन नावाचा मुलगा त्यात पहिला आला, आणि पुढे तो जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. किट नव्हतीच तिथे, जे काही होतं ते हाताचं होतं, हे वाचून मला फार आनंद झाला. स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती, हे वाचून तेवढाच राग आला. आमच्या सभागृहात त्या दिवशी मॉडेल घेऊन आलेल्या आम्ही चार बायका होतो. पुढच्या वर्षी चाळीस असाव्यात.

तर, घ्यावी का? पहिल्यांदाच काही करून बघायचं असेल तर डोळे मिटून घ्या. २८० ची गाडी बिघडली तर जीव जळत नाही. माझा एकूण खर्च रंग, प्रायमर, वॉटर पेपर, पारदर्शक शीट धरून ११०० च्या आत बसला, लॅबचं सामान सोडून. डबा उघडून त्याच संध्याकाळी कपाटात ठेवायची शोभेची गाडी हवी असेल तर घेऊ नका, त्या कामाला ती अपुरी आहे. उघडं बॉनेट आणि इंजिन हवं असेल तरी नको. आणि मुलासाठी घेत असाल तर उत्तम खेळणं आहे. माझ्या भाच्याने दुसरी गाडी दोन महिने भिंतीवर आपटली, फक्त एक आरसा तुटला.

आरशावरून आठवलं. स्पर्धेहून परत येताना, ऑटोत, गाडीचा डबा बाबांच्या मांडीवर होता. शंकरनगर चौकाच्या सिग्नलला त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या गाडीले डावीकडं आरसा नव्हता." खेळण्याला दोन्हीकडे आहेत, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आधी का नाही सांगितलंत म्हटलं, तर म्हणाले, "तू दमली होती."

डावा आरसा मी त्याच आठवड्यात काढला, भोक भरलं, पॅनलला पुन्हा रंग दिला. आता बरोबर आहे.